आश्चर्य नसलेलं ‘वंडर’

कफ परेडला एकीकडे उंच इमारती, बँकांची कार्यालयं, पंचतारांकित हॉटेल आणि वर्ल्ड ट्रेड सेंटर. तिथून चालत काही मिनिटांवर, बधवार पार्कला लागून, समुद्राच्या काठाने मच्छीमार नगर. या दोन वस्त्यांमधला रोजचा व्यवहार मासळीचा, घरकामाचा आणि नोकरीचा, आणि तो तीन भाषांमध्ये चालतो. समजा, वरच्या मजल्यावरच्या एखाद्या इंग्रजी बोलणाऱ्या बाईंनी फोन करून म्हटलं, ‘आय वॉज वंडरिंग इफ यू कुड सेंड टू पॉम्फ्रेट्स.’ फोन घेणाऱ्या कोळीणबाईंच्या मुलीने शाळेत ‘वंडर म्हणजे आश्चर्य वाटणे’ असं पाठ केलेलं असेल, तर तिच्या डोक्यात उमटणारं मराठी वाक्य असं होईल: ‘तुम्ही दोन पापलेटं पाठवू शकाल का, याचं मला आश्चर्य वाटत होतं.’ सगळा जन्म मासळीत गेलेल्या घराकडे पापलेट असण्याचं आश्चर्य! याच जागी एखादी मराठी बाई असती तर ती सहज म्हणाली असती, ‘मावशी, म्हटलं, दोन पापलेटं मिळतील का?’ त्या इंग्रजी वाक्याचं खरं भाषांतर हेच आहे, आणि त्यात आश्चर्य औषधालाही नाही. ‘वंडर’ मराठी माणसाला अवघड जातं, कारण आपल्याला ते चुकीच्या दाराने आत नेलं जातं. या क्रियापदाचा आजचा मोठा वापर मनात उठणाऱ्या प्रश्नाचा आहे, आणि तो प्रश्न मांडायची फार नेमकी सोय मराठी व्याकरणात आधीपासून आहे. शब्दकोशाने आणि शाळेने ती सोय मुलांना दाखवलेली नाही, एवढंच माझं म्हणणं.

आधी इंग्रजीकडे पाहू. जुन्या इंग्रजीत ‘वुंडर’ म्हणजे चमत्कार, थक्क करणारी गोष्ट. जर्मनमध्ये आजही तोच शब्द त्याच अर्थाने चालतो. त्यावरून झालेलं क्रियापद सुरुवातीला थक्क होण्याचंच होतं. तेराव्या शतकाच्या सुमारास त्याला दुसरा अर्थ चिकटला: शंका येणं, कुतूहल वाटणं, मनाशी विचारणं. जे पाहून माणूस थक्क होतो त्याचा उलगडा त्याला हवासा वाटतो, त्यामुळे हा प्रवास समजण्यासारखा आहे. पुढे मात्र या धाकट्या अर्थाने थोरल्याला मागे सारलं. आजच्या इंग्रजीत दोघे ओळखायचे ते शेजारच्या शब्दावरून. पुढे ‘ॲट’ आलं तर थक्क होणं. ‘इफ’, ‘व्हेदर’, ‘हू’, ‘व्हाय’ आलं तर प्रश्न पडणं. ‘अबाउट’ आलं तर विचार घोळणं, आणि माणसाबद्दल असेल तर बहुधा संशय. ‘आय वंडर अबाउट हिम’ म्हणजे त्याचं काही खरं वाटत नाही. अपवाद एक आहे: ‘आय शुडंट वंडर इफ ही केम’ यात ‘इफ’ असूनही अर्थ पहिलाच, ‘तो आला तरी नवल नाही’. बोलण्यात सर्वांत जास्त ऐकू येतो तो प्रश्नाचा अर्थ. निव्वळ थक्क होण्यासाठी इंग्रजीने ‘मार्व्हल’ हे वेगळं क्रियापद फ्रेंचमधून घेतलं, आणि ते आजही ‘ॲट’शीच एकनिष्ठ आहे, आजच्या इंग्रजीत ‘आय मार्व्हल इफ’ असं कुणी म्हणत नाही. (आपल्या मुलांना हा शब्द सिनेमे काढणाऱ्या कंपनीचं नाव म्हणून माहीत आहे, तो भाग निराळा.) ‘मार्व्हल’चं मूळ लॅटिनमधलं, नवलाने पाहण्याचं, आणि त्याच मुळातून ‘मिरर’, म्हणजे आरसा, हा शब्दही आला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला याच मुंबईत इंग्रजी आणि मराठी मजकूर शेजारी शेजारी छापणारं पत्र काढलं, त्याचं नाव ‘दर्पण’ होतं. हा योगायोगच, पण सांगितल्यावाचून राहवत नाही.

आता मराठीकडे. थक्क होण्यासाठी आपल्याकडे शब्दांची चैन आहे: आश्चर्य, नवल, अचंबा, विस्मय. शाळेच्या व्याकरणात तर केवलप्रयोगी अव्ययांमध्ये ‘आश्चर्यदर्शक’ नावाचा स्वतंत्र गटच असतो, आणि त्या गटात ‘अबब’पासून ‘अरेच्चा’पर्यंत मंडळी बसलेली असतात, ‘अगंबाई’ आणि ‘बापरे’ यांना तिथे जागा मिळो न मिळो, घराघरात ती आहेच. या अर्थाने ‘वंडर’ला मराठी प्रतिशब्द देणं सोपं आहे, आणि सोपं म्हणूनच ते आधी दिलं गेलं. प्रश्नाच्या अर्थासाठी मात्र मराठी एक क्रियापद देत नाही. ती काम वाटून देते, आणि पहिला वाटा क्रियापदाच्या रूपाकडे जातो. दारावर थाप पडली. ‘कोण आहे?’ हा दाराबाहेरच्या माणसाला विचारलेला प्रश्न. ‘कोण असेल?’ हा घरातल्या घरात, स्वतःशी किंवा शेजारी बसलेल्याशी. ‘आहे’चं ‘असेल’ झालं की प्रश्नाचं तोंड फिरतं. समोरच्याकडून उत्तराची अपेक्षा उरत नाही. ‘आय वंडर हू इट इज’ या पाच शब्दांचं काम मराठीत ‘असेल’मधला एक ‘एल’ करतो. मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त (१९११) या रूपाला ईलाख्यात म्हटलं आहे. शाळा त्याला भविष्यकाळ म्हणून मोकळी होते. पण ‘तो आता दादरला पोचला असेल’ या वाक्यात भविष्य कुठे आहे? तिथे अंदाज आहे, आणि प्रश्नार्थी केलं की तोच अंदाज कुतूहल होतो: ‘पोचला असेल का?’

दुसरा वाटा छोट्या शब्दांकडे. ‘कुठे गेला?’ हा चौकशीचा सूर, ‘कुठे गेला बरं?’ हा स्वतःशी. ‘बरं’ला तिथे स्वतंत्र अर्थ विचारला तर कुणाला सांगता येणार नाही, पण तो काढून घेतला तर वाक्य पुन्हा कुणाच्या तरी अंगावर जातं. ‘की काय’ची मजा आणखी वेगळी. होडी घेऊन निघालेला तांडेल आभाळाकडे बघून ‘वारा पडतो की काय’ म्हणतो, तेव्हा तो खलाशांकडून हवामानाचा अंदाज मागत नसतो. जे होऊ नये असं वाटतं किंवा ज्याची चाहूल लागली आहे, त्याचा प्रश्न तो हवेत सोडतो. इंग्रजीत इथे ‘आय वंडर इफ’ लागेल, आणि तरीही त्यातली धास्ती पुरी उतरणार नाही. ‘कोण जाणे’, ‘कुणास ठाऊक’, ‘देव जाणे’ ही सुटी उत्तरं. इंग्रज माणूस नुसतं ‘आय वंडर’ म्हणून गप्प होतो तेव्हा तो हेच म्हणत असतो, आणि आवाजात थोडा तिरकसपणा असेल तर ‘बघू या’ही. ‘न जाणो’ हे त्याच घराण्यातलं, पण सावधगिरीचं. शेवटी ‘म्हटलं’. मराठी माणूस मनातल्या विचारालाही ‘म्हणणं’च म्हणतो: ‘म्हटलं, तुम्हाला विचारावं’, ‘म्हटलं, येताय की नाही’. तोंडाने काही म्हटलेलं नसतं. भूतकाळाचं हे रूप मागणीला एक पाऊल मागे नेतं: विचार आला होता, तुम्ही नाही म्हणालात तरी चालेल. ‘आय वॉज वंडरिंग’मधला भूतकाळही सौजन्यापोटी हेच करतो. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता इतकी सारखी युक्ती शोधावी, हे या सगळ्या विषयातलं मला सर्वांत आवडलेलं ठिकाण आहे.

प्रश्न पडणं आणि प्रश्न विचारणं यांतलं अंतर किती मोलाचं असतं, याचं गंभीर उदाहरण मच्छीमार नगरच्याच किनाऱ्यावर आहे. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री समुद्रमार्गे आलेले दहा दहशतवादी रबरी होडीतून इथे उतरले. ‘कुबेर’ हा मासेमारीचा ट्रॉलर त्यांनी वाटेत बळकावलेला होता. पुढच्या तीन दिवसांत १६६ माणसं मारली गेली. उतरणाऱ्यांना वस्तीतल्या काही लोकांनी पाहिलं, हटकलं, आणि त्यांना उडवाउडवीची उत्तरं मिळाली, हे नंतर सर्वांना कळलं. क्षणभर भाषेच्या बाजूने पाहिलं, तर या काही मिनिटांत तीन वेगळ्या गोष्टी आहेत. आपली नाही, शेजारच्या बंदराची वाटत नाही, अशी होडी भलत्या वेळी काठाला लागलेली पाहणं, हे नवल. ‘कोण असतील हे?’ हा पडलेला प्रश्न. आणि ‘कोण रे तुम्ही?’ ही विचारणा. इंग्रजीत ‘दे वंडर्ड हू द मेन वेअर’ असं लिहिलं तर त्यातून फक्त मधली पायरी कळते. वस्तीने तोंड उघडलं की नाही, हे त्या वाक्यात नाही. त्यासाठी ‘आस्क्ड’ लिहावं लागेल. आणि कुणी मराठीत ‘त्यांना पाहून मच्छीमारांना आश्चर्य वाटलं’ एवढंच लिहिलं, तर तो वस्तीवर अन्यायच होईल, कारण त्यात संशयही नाही आणि हटकणंही नाही. त्या हल्ल्यानंतर मच्छीमारांना बायोमेट्रिक ओळखपत्रं देण्यात आली, आणि सागरी सुरक्षेच्या बैठकांमधून त्यांना समुद्रावरचे डोळे आणि कान म्हटलं जाऊ लागलं. ही अपेक्षा थक्क होण्याची नाही. अनोळखी दिसलं की शंका घ्या आणि विचारा, अशी ती आहे. म्हणजे ‘वंडर’चा दुसरा अर्थ, आणि त्याच्याही पुढची पायरी.

एक जुना आक्षेप इथे हमखास येतो. इंग्रज म्हणतो ‘आय वंडर’, म्हणजे ‘मी’ कर्ता. मराठी माणूस म्हणतो ‘मला नवल वाटतं’, ‘मला प्रश्न पडतो’, ‘मला कोडं पडतं’. आपल्याकडे सगळं पडतं, वाटतं, येतं, लागतं. आपण नुसते झेलणारे. यावरून मराठी मनाच्या निष्क्रियतेपर्यंत उडी मारणारे लोक भेटतात, आणि ही उडी फार लांबची आहे. इंग्रजीतच जुनं ‘मीथिंक्स’ होतं, शेक्सपिअरच्या नाटकांत ते जागोजागी आहे, आणि त्याची रचना आपल्या ‘मला वाटतं’सारखीच आहे, त्यात ‘मी’ कर्ता नाही. जर्मन आजही ‘एस वुंडर्ट मिश’ म्हणतो, म्हणजे ‘मला नवल वाटतं’. जर्मन माणसाला कुणी त्यावरून निष्क्रिय ठरवत नाही. शिवाय अनुभवाचं वर्णन म्हणून मराठी रचना जास्त प्रामाणिक आहे. प्रश्न ठरवून पडत नाहीत. विचारणं ठरवून होतं, आणि तिथे मराठी लगेच ‘मी विचारलं’ म्हणून कर्ता पुढे आणते. जे आपल्या हातात नाही त्याला ‘मला’, जे आहे त्याला ‘मी’, अशी ही वाटणी आहे. तिचा एक तोटा मात्र कबूल करायला हवा. ‘मला आश्चर्य वाटलं’ या साच्याची सवय झालेला विद्यार्थी इंग्रजीत ‘आय वॉज वंडर्ड’ लिहून बसतो, ‘आय वॉज सरप्राइज्ड’च्या चालीवर. ‘सरप्राइज’ आपल्याला कुणीतरी देतं, ‘वंडर’ आपण करतो. हा फरक शिकवावाच लागतो. त्याच्याच जोडीला ‘आय वंडर हू इज ही’ ही चूक. तिथे ‘हू ही इज’ असा क्रम हवा आणि शेवटी पूर्णविराम, कारण इंग्रजीच्या हिशोबाने तो प्रश्न नसून विधान आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. नवल आणि प्रश्न एकाच शब्दात असणं ही इंग्रजीची श्रीमंती नाही का? प्लेटोने ‘थीएटेटस’ या संवादात तत्त्वज्ञानाचा उगम नवलात आहे असं सॉक्रेटिसच्या तोंडून म्हणवलं, ॲरिस्टॉटलने तेच पुढे नेलं, आणि इंग्रजीत ही जोडणी एका क्रियापदात आयती मिळते. मराठीने ती तोडली, तर थक्क होण्यापासून विचारण्यापर्यंतची वाटच तुटली, असं म्हणता येईल. पण मग फ्रेंचचं काय करायचं? तिथे थक्क होण्याचं क्रियापद वेगळं आणि प्रश्न पडण्याचं वेगळं. दुसऱ्याचा शब्दशः अर्थ ‘स्वतःला विचारणं’. जर्मनमध्येही तसंच. देकार्तने १६४९च्या ‘मनोविकार’ग्रंथात नवलाला सगळ्या विकारांमध्ये पहिलं स्थान दिलं, ते फ्रेंचमध्ये लिहून. शब्द दोन असले म्हणून त्याचं काही अडलं नाही. आपल्या परंपरेतही दोन्ही बाजूंना नावं आहेत, फक्त वेगवेगळ्या शास्त्रांत. नाट्यशास्त्रात विस्मय हा अद्भुत रसाचा स्थायिभाव; न्यायदर्शनाच्या सोळा पदार्थांमध्ये संशय तिसरा, प्रमाण आणि प्रमेयाच्या लगेच मागे, कारण संशयाशिवाय शोध सुरूच होत नाही; आणि ब्रह्मसूत्रांची सुरुवात जिज्ञासेपासून. वाट तुटलेली नाही, तिच्यावर टप्प्यांची नावं लिहिलेली आहेत. आणि दोन्ही अर्थ पोटात घेणारा एक शब्द आपल्याकडे होता: कौतुक. संस्कृतात त्याचा एक मुख्य अर्थ कुतूहल. जुन्या मराठीत ‘कवतिक’ म्हणजे लीला, नवलही. आजच्या मराठीत कौतुक म्हणजे पाठीवरची थाप, थोडे लाडसुद्धा. ‘वंडर’ थक्क होण्याकडून प्रश्नाकडे गेलं. आपलं कौतुक प्रश्नाकडून शाबासकीकडे आलं. यातून समाजाच्या स्वभावाबद्दल निष्कर्ष काढायचा मोह होतो. तो मी टाळतो, कारण एका शब्दाच्या प्रवासावर एवढं ओझं टाकणं बरं नाही.

मग शब्दकोशांची जबाबदारी येते. मराठी-इंग्रजी कोशरचनेचं मोठं काम मुंबई इलाख्यात झालं: मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१चा, त्याची मोठी दुसरी आवृत्ती १८५७ची. इंग्रजी-मराठी कोश मोल्सवर्थने सुरू केला आणि थॉमस कँडीने पुरा केला, तो १८४७मध्ये निघाला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीळकंठ बाबाजी रानडे यांचा इंग्रजी-मराठी कोश आला. ही माणसं असामान्य कष्टाची होती, त्यांच्या चुका काढण्याचा इथे हेतू नाही. अडचण कोशाच्या स्वरूपातच आहे, असं कुणी म्हणेल: कोश शब्दाला शब्द देतो, ‘असेल’मधला प्रत्यय किंवा ‘की काय’ची लकब तो अर्थ म्हणून कशी छापणार? यावर उत्तर मोल्सवर्थच्या कोशातच सापडतं. मराठीकडून इंग्रजीकडे जाताना त्याने नुसते शब्द दिले नाहीत. वाक्प्रचार, म्हणी, बोलण्यातल्या लकबी भरभरून नोंदवल्या, आणि म्हणूनच तो कोश आजही चाळावासा वाटतो. इंग्रजीकडून मराठीकडे येताना तीच उदारता दाखवायला काय हरकत आहे? अर्थाच्या जागी एक शब्द बसत नसेल तर वाक्य द्यावं. विद्यार्थ्याला वाक्यच लागतं.

मुलं आता थेट इंग्रजी माध्यमात शिकतात, त्यांना कशाला हवी ही मराठी वाट, असंही विचारलं जातं. इंग्रजीपुरतं ते एक वेळ खरं मानू. नुकसान उलट दिशेने होतंय. मालिकांच्या उपशीर्षकांत, अनुवादित लेखांत, यंत्राने केलेल्या भाषांतरात ‘मला आश्चर्य वाटतं की तो कुठे गेला असेल’ अशी वाक्यं उगवू लागली आहेत. ‘कुठे गेला असेल’ एवढ्यात ‘वंडर’ पुरतं आलेलं असताना पुढे आश्चर्याची शेपटी लावली की वाचणाऱ्याला वाटतं, बोलणारा हादरला आहे. ‘नो वंडर’चं ‘आश्चर्य नाही की’ होतं, ‘यात नवल ते काय’ मागे पडतं. तरुण पोरांचं ‘मी वंडर करत होतो’ मला त्यापेक्षा कमी त्रास देतं. ते निदान उघडउघड उसनं आहे, आणि त्याचा अर्थ तरी बरोबर आहे. ‘आश्चर्य वाटतं की’ अस्सल मराठीचा वेश घेऊन खोटं बोलतं. मराठी वाक्य मराठीच शब्दांनी बिघडवण्याचा हा प्रकार इंग्रजी शब्द घुसवण्याहून वाईट आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

म्हणून पाठ्यपुस्तकं लिहिणाऱ्यांना, शिक्षकांना आणि कोश करणाऱ्यांना एकच मागणं. ‘वंडर’ची नोंद दोन भागांत करा. पहिल्या भागात ‘नवल वाटणे, थक्क होणे’ ठेवा आणि तिथेच ‘मार्व्हल’ला बसवा. दुसऱ्या, मोठ्या भागात ‘प्रश्न पडणे’ असं लिहून खाली चार वाक्यं द्या: ‘कोण असेल?’, ‘कुठे गेला बरं?’, ‘पाऊस येतो की काय’, ‘म्हटलं, विचारून बघावं’. सहावीतल्या मुलाला ही चारही वाक्यं घरी बोलता येतात; ती वर्गात इंग्रजीच्या तासाला उच्चारायची परवानगी तेवढी त्याला द्या.